वर बघत चला: मुंबई, डिसेंबर १९५४

पुण्याहून तुम्ही पॅसेंजरने आला आहात. डेक्कन क्वीनला अजून तिसरा वर्गच नाही. तो पुढच्या वर्षी जोडला जाईल. बोरीबंदरला उतरलात की आधी खिसा चाचपा. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. नवे पैसे यायला १९५७ उजाडावं लागेल, तोवर हिशोब बोटांवरच करायचा. पंचवीस रुपये आणि घरून मिळालेली यादी एवढंच तुमच्याजवळ आहे. यादीत दोन नऊवारी लुगडी आहेत, आणि खाली बारीक अक्षरात ‘जमल्यास एक दिवाळी अंक’.

बाजार आत्ताच उघडतोय, म्हणून हॉर्नबी रोडच्या कमानींखालून दक्षिणेला चाला. व्हाइटवे लेडलॉ या साहेबी दुकानाच्या इमारतीत आता खादी भांडार आहे. आत एक चक्कर मारा, पण पैसे राखून ठेवा. पुढे फाट्यावर सातवा एडवर्ड अजून काळ्या घोड्यावर बसलेला आहे. अकरा वर्षांनी त्याला इथून हलवतील आणि नाव तेवढं मागे राहील.

घोड्याजवळच जहांगीर आर्ट गॅलरी. जवळजवळ तीन वर्षांपूर्वी, जानेवारी १९५२ मध्ये बाळासाहेब खेरांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. दुर्गा बाजपेयींनी आखलेली इमारत आहे. दारावरचं काँक्रीटचं छत अधांतरी पुढे आलेलं दिसतं. आत जायला पैसे पडत नाहीत, तरी बाहेर घुटमळणारे पुष्कळ. संगमरवरी पायऱ्या नसल्या तरी दबकायची सवय जात नाही, हे मला आपल्या लोकांचं फार खरं वाटतं. तुम्ही बेधडक आत शिरा. याच वर्षी या भिंतींवर अकबर पदमसींची चित्रं लागली होती. एका चित्रातल्या पुरुषाचा हात बाईच्या छातीवर आहे म्हणून पोलीस आले, खटला भरला, आणि पदमसी तो जिंकले. त्यामुळे इथे येणारे लोक चित्रासमोर थोडे जास्तच वेळ उभे राहू लागले असावेत.

तुम्ही मात्र चित्रकारांची नावं शोधत असाल, कारण तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. सूझा १९४९ मध्येच लंडनला गेला, रझा १९५० मध्ये पॅरिसला. हुसेन इथेच आहे. सिनेमाची मोठमोठी पोस्टरं रंगवून त्याचा हात तयार झाला. पण पुढचं ठाऊक असून उपयोग काय? पंचवीस रुपयांत काही येत नाही, आणि आलंच तरी घरी लुगड्यांऐवजी चित्र घेऊन जाण्याची हिंमत तुमच्यात नाही. माझ्यातही नसती.

आता मागे फिरा. बोरीबंदरवरून ट्रामने क्रॉफर्ड मार्केट गाठा. दुमजली ट्राम मिळाली तर वरच बसा. मार्केटच्या दारात उतरल्यावर पाहुण्याची नजर संत्र्यांच्या राशींकडे जाते. (हापूस मागू नका, डिसेंबर आहे.) तुम्ही मान वर करा. दारांवर दगडात कोरलेली शेतकऱ्यांची शिल्पं आहेत. ती लॉकवुड किपलिंगची, शेजारच्या जे. जे. स्कूलमध्ये तो शिकवायचा, आणि रुडयार्ड किपलिंगचा हा बाप. मार्केट १८६९ मध्ये बांधून झालं. तेव्हापासून त्या दगडी शेतकऱ्यांच्या खालून खऱ्या शेतकऱ्यांचा माल आत जातोय, आणि हमालाला वर बघायला फुरसत मिळालेली नाही. गॅलरीत जपून पावलं टाकणारे लोक इथे ऐन शिल्पाखाली शेराच्या भावावरून भांडतात. मला हेच जास्त आवडतं.

लुगड्यांसाठी मंगळदास मार्केट. ‘आवो शेठ, बेसो ने!’ म्हणत दुकानदार पांढऱ्या गादीवर जागा करतो, आणि तुम्ही बसलात की अर्धा सौदा झाला. तो बोलत नाही, घड्या मोडत जातो: इरकली, महेश्वरी, लाल काठाची चंद्रकळा. उठायला लाज वाटेल इतका ढीग तुमच्यापुढे पडतो. काठ उजेडात नेऊन बघा, पदर उलटा करून बघा, वार मोजून घ्या. मग उठण्याचं सोंग करा. भाव उतरतो, उतरला नाही तर निमूट पुन्हा बसा, त्यात कमीपणा नाही.

बगलेत गाठोडं मारून प्रिन्सेस स्ट्रीटला लागलात की केमोल्डचं दुकान बघा. हे फ्रेमांचं दुकान. १९४१ पासून केकू गांधी ते चालवतात. मुंबईत चित्रं विकणारी खासगी दालनं अजून निघायची आहेत, म्हणून ते आरा, हुसेन, हेब्बर यांची चित्रं दुकानाच्या काचेतच मांडतात. एकेकाळी मोटारी धुणाऱ्या आराची फुलं, आणि समोरून औषधाची बाटली घेऊन घाईत जाणारी माणसं. आज काचेत काय असेल ते असो, थांबा.

भूक धोबीतलावला लागावी हे उत्तम. मेट्रो सिनेमासमोर कयानी आहे, १९०४ पासूनचा इराणी. ब्रुन मस्का मागवा, चहात बुडवा, टेबलावरच्या संगमरवरावर सांडू द्या. वडापाव मागाल तर पोऱ्या गोंधळेल. वडा आहे, पावही आहे, दोघांची गाठ पडायला अजून दहा-बारा वर्षं आहेत. बिअरचा विचार मनातून काढा. मुंबई राज्यात दारूबंदी आहे आणि तुमच्याकडे परमिट नाही. आजूबाजूच्या गल्ल्यांत गोवेकरांचे कूड आहेत. बोटीवरून सुटीला आलेले खलाशी आपापल्या गावच्या कुडात उतरतात. गावावर अजून पोर्तुगीज आहेत, म्हणून जेवताना बोलणं त्याच विषयावर येतं.

संध्याकाळी गिरगावात. पणशीकरांकडे पियुष प्या, आणि मग पुस्तकांच्या दुकानात शिरा. दिवाळी उलटून दीड महिना झाला, तरी अंकांचा गठ्ठा अजून आहे. त्यात ‘दीपावली’ शोधा. मुखपृष्ठ दीनानाथ दलालांचं. दिवसभरात पाहिलेल्या चित्रांपैकी तुमच्या खिशाला झेपणारं हे पहिलंच. चाळीतल्या खोल्यांत असली मुखपृष्ठं कापून भिंतीला लावलेली असतात. जहांगीरच्या भिंतीपेक्षा त्या भिंती कितीतरी जास्त.

‘दिवाळी सरली की हो आता, थोडं कमी करा,’ तुम्ही म्हणता.

‘दिवाळी सरली, दलाल कुठे सरले?’ दुकानदार म्हणतो, आणि एक आणाही सोडत नाही. तुम्ही पूर्ण पैसे मोजता, अंक लुगड्यांच्या मध्ये घालता म्हणजे कोपरे दुमडणार नाहीत, आणि बोरीबंदरचा रस्ता विचारता.