काळकोठडीचा गोतावळा

अनोळखी माणसं एका जागी अडकतात, बाहेर काहीतरी अघटित घडलेलं असतं आणि सकाळी कोण उरेल याचा भरवसा नसतो. गूढकादंबरीची ही चौकट हल्ली भुताखेतांवर नाहीतर प्रलयावर उभी राहते. तिचा एक खापरपणजोबा कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये सापडतो.

त्याला भुताची गरज पडली नाही. 20 जून 1756 च्या रात्रीचा उकाडा पुरला. बंगालचा नवाब सिराजउद्दौल्याने ईस्ट इंडिया कंपनीचा हा किल्ला जिंकला आणि हाती लागलेले कैदी जेमतेम 18 फूट लांबीच्या कोठडीत कोंडले गेले. त्यातून वाचलेल्या हॉलवेलने विलायतेला परतताना जहाजावर ती रात्र पत्ररूपाने लिहून काढली. 1758 मध्ये ती छापून आली. 146 आत गेले, 23 जिवंत निघाले, असं तो सांगतो. गजांच्या दोनच खिडक्या, टोप्यांतून आत येणारं पाणी, त्यासाठीची चेंगराचेंगरी, तहानेने स्वतःच्या सदऱ्याची घामट बाही चोखणारा निवेदक, आणि नवाब झोपलेत म्हणून दार न उघडणारे पहारेकरी! पेच तासातासाने आवळत जातो. हॉलवेल पेशाने शस्त्रवैद्य, पण हात कादंबरीकाराचा.

(कंपनीच्या कलकत्त्याने त्याआधी धास्ती घेतली होती ती आपल्या मंडळींची. बारगीर येतील म्हणून 1742 मध्ये खणायला घेतलेला ‘मराठा खंदक’ पुरा झालाच नाही.)

पुढे मेकॉलेने 1840 मध्ये क्लाइव्हवरच्या निबंधात ही रात्र रंगवली, तर एडगर ॲलन पोने जिवंत गाडलं जाण्याच्या भयकथेत तिचा दाखला दिला. साम्राज्याला तर ती फारच सोयीची होती. कर्झनने 1902 मध्ये तिथे संगमरवरी स्मारक उभारलं. पुढे अक्षयकुमार मैत्रेय आणि जे. एच. लिटल या इतिहासाच्या अभ्यासकांनी हॉलवेलला खोटं ठरवलं. इतिहासकार ब्रिजेन गुप्तांनी 1959 मध्ये कैद्यांचा आकडा 64 वर आणला. मला हाच हिशेब पटतो: माणसं मेली, पण आकडा फुगवलेला.

1940 मध्ये ते स्मारक हटवण्याच्या आंदोलनात सुभाषबाबूंना अटक झाली आणि त्याच वर्षी ते हललं.

कोलकात्यात ही कोठडी शोधायची तर आजच्या फोर्ट विल्यमकडे जाऊ नका. तो किल्ला प्लासीनंतरचा. लष्कराच्या पूर्व विभागाच्या त्या मुख्यालयाचं नाव आता, आपल्या कोकणातल्या किल्ल्यावरून, विजयदुर्ग आहे. जुना किल्ला होता जनरल पोस्ट ऑफिसच्या परिसरात, आणि स्मारक सेंट जॉन्स चर्चच्या आवारात बघायला मिळेल.