बाईकची विंडशील्ड घरी कापताना काय काळजी घ्याल?

बाईकच्या विंडशील्डला वायपर नसतो. पावसात रात्री समोरून हेडलाइट आले की थेंबांवर उजेड फुटतो आणि रस्ता दिसेनासा होतो. म्हणून रस्ता विंडशील्डमधून नाही, तिच्या वरून दिसायला हवा. ती कापण्याचं खरं कारण हे, स्टाइल नंतर.

किती कापायची? रोजच्यासारखे गाडीवर बसा. वरची कड साधारण नाकाच्या टोकाइतकी हवी. तिथे टेप लावून खात्री करा, आणि पहिल्यांदा त्याहून थोडं कमीच कापा. कापलेलं परत जोडता येत नाही.

बहुतेक विंडशील्ड काचेच्या नसून अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटच्या असतात. अ‍ॅक्रिलिक ठिसूळ, पटकन तडकतं. विंडशील्ड गाडीवरून काढा, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा आणि बारीक दात्यांच्या ब्लेडने, जिगसॉ हळू चालवत कापा. वेग वाढला की प्लास्टिक वितळून कापलेली फट मागून पुन्हा चिकटते. कापताना तुकडा थरथरू देऊ नका, तडे त्यानेच जातात. डोळ्यांवर गॉगल हवाच.

मग 120, 220, 400 नंबरच्या पॉलिश पेपरने कड घासून गोल करा. हे टाळू नका: ही कड तुमच्या चेहऱ्यासमोर असते, आणि राहिलेल्या खाचेतून पुढे तडा वाढतो. पुसायला साबणाचं पाणी पुरे. थिनर, पेट्रोल, स्पिरिट अजिबात नको.

विंडशील्ड बुटकी झाली की वारा हेल्मेटवर येतो. आवाज थोडा वाढेल.