वेगवान गाडी आणि ब्रेकचे जोडे

फोर्ड कंपनीनें १९३२ सालीं आठ सिलिंडरांची गाडी स्वस्तांत विक्रीस काढली. इंजिन जोरकस, पण ब्रेक मात्र लोखंडी सळयांनीं ओढले जाणारे. कॅलिफोर्नियांतील हौशी तरुण जुन्या फोर्ड गाड्यांवरील अनावश्यक भार उतरवून मुरॉकच्या कोरड्या सरोवरावर त्या भरधांव पिटाळीत. अशाच गाड्यांस पुढें ‘हॉट रॉड’ हें नांव पडलें.

१९३९ सालीं फोर्डनें द्रवाच्या दाबानें चालणारे ब्रेक स्वीकारले. तेव्हांपासून हौशी मंडळी ते ब्रेक काढून जुन्या गाड्यांस बसवूं लागली.

आज अशा गाडीचा मालक ब्रेकचे ‘शू’, म्हणजे ड्रमला आंतून घासणारे चंद्रकोरी जोडे, शोधूं लागला कीं, त्याची या इतिहासाशीं गांठ पडते. गाडीचें साल १९३२. पण ब्रेकचें कोणतें? दुकानदारास केवळ गाडीचें साल सांगितल्यास भलताच जोडा हातीं येतो. म्हणून प्रथम ड्रम उघडून व्यास व रुंदी मोजावी. १९३९ ते १९४८ पर्यंतच्या फोर्ड मोटारींचा ड्रम १२ इंची असे. वारंवार कातलेला ड्रम मात्र मोठा होतो. मग नवा जोडा केवळ मध्यावर टेकतो आणि ब्रेक दुबळा पडतो. त्याचें अस्तर ड्रमच्या गोलाईप्रमाणें घासून घ्यावें लागतें.

जुना लोखंडी जोडा फेंकूं नये. त्यावर नवें अस्तर चढवितां येतें. परंतु जुन्या अस्तरांत बहुधा घातक अॅस्बेस्टॉस असे, म्हणून ती धूळ फुंकून उडवूं नये.

सारांश, अशा गाडीची जन्मपत्रिका पाहून भागत नाहीं. तिचें एकेक अंग प्रत्यक्ष तपासावें लागतें. चुकीच्या जोड्याचें मोल पैशांत नव्हे, प्राणांत द्यावें लागतें.