हवेचा ब्रेक : रेल्वेगाडीपासून ट्रेलरपर्यंत

जड ट्रेलरचा ब्रेक समजून घ्यायचा, तर आधी रेल्वेचा इतिहास पाहावा लागतो. वाराणसीच्या डिझेल रेल्वेइंजिन कारखान्यातून पहिले इंजिन जानेवारी १९६४ मध्ये बाहेर पडले. त्या काळी आपल्या गाड्यांना निर्वात ब्रेक असत. त्यांचे बळ वातावरणाच्या दाबापुरतेच, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो. हवेच्या ब्रेकच्या नळीत हाच दाब ५ किलो असतो. म्हणून जड मालगाड्यांसाठी पुढे हवेचा ब्रेक आला.

जॉर्ज वेस्टिंगहाउस यांच्या १८६९ च्या पहिल्या रचनेत नळी फुटली की ब्रेकच जाई. १८७२ मध्ये त्यांनी तत्त्व उलटे केले : नळीत दाब असेपर्यंत ब्रेक मोकळा, दाब गेला की डब्याखालच्या टाकीतील हवा ब्रेक लावते.

ट्रेलरनेही हेच तत्त्व घेतले. पुरवठा नळी तुटली की त्याचे ब्रेक आपोआप लागतात. पण हळूहळू होणारी झीज हे तत्त्व ओळखत नाही. टाकीत पाणी साचले की हवेचा साठा घटतो. लायनिंग झिजून पुशरॉडची चाल वाढली की ब्रेकचा जोर कमी पडतो. दाबमापक मात्र पूर्ण दाब दाखवत राहतो. म्हणून चाकांना ठोकळे लावून टाकीतले पाणी सोडणे, गळतीचा आवाज ऐकणे आणि पुशरॉडची चाल मोजणे ही कामे माणसालाच करावी लागतात.

विचार करा : आपोआप लागणाऱ्या ब्रेकलाही तपासनीस का लागतो?