तळटीप : ‘गढीवरचे’

१. गढीवरचे : देशमुख-पाटलांच्या घरचे. परभणीच्या गोदाकाठच्या काळ्या सपाटीत डोंगरी किल्ल्याला जागा नाही. तिथे गावोगावी गढ्या उठल्या. पायथ्याशी रुंद, वर निमुळत्या पांढऱ्या मातीच्या भिंती, कोपऱ्यांना बुरूज, बुरजांत बंदुकीसाठी जंग्या, आत आड आणि धान्याची बळदं. पेंढारी किंवा रोहिले आले की गावाने आत शिरायचे आणि दरवाजाला अडसर घालायचा. तोफा घेऊन आलेल्या फौजेपुढे तिचा निभाव लागणे अवघडच. पुढे आतल्या वाड्यालाच गढी म्हणू लागले, मग वाड्यातल्या माणसांना. गावकरी ‘गढीवरचे’ आदराने म्हणतात आणि टोमण्यानेही. या पानावर टोमणाच आहे, नाहीतर लेखकाने पुढच्याच वाक्यात थकलेल्या साऱ्याचा विषय काढला नसता. हैदराबाद संस्थानातल्या जहागिऱ्या १९४९ साली संपल्या, देशमुखी वतनांचाही जोर ओसरला, आणि पडक्या गढ्यांची पांढरी माती लोकांनी टोपल्या भरभरून माळवदावर पसरायला नेली. म्हणून कित्येक गावांत ‘गढी’ म्हणजे आता बाभळी उगवलेले टेकाड. प्रकरण ७ मधली ‘गढीमागची वाट’ या शेवटच्या अर्थाने घ्यावी. — संपा.