कमान टिकली, कठडा तुटला

कोल्हापुरातून पन्हाळ्याला किंवा रत्नागिरीला निघालं की पंचगंगेवर शिवाजी पूल लागतो. जुनं नाव विल्सन पूल. 1878 साली पूर्ण झालेला, अख्खा दगडी.

पूल बांधायची सगळ्यात सोपी रीत म्हणजे ओढ्यावर नारळाचं खोड आडवं टाकणं. पण आडवी तुळई भाराखाली वाकते. वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. दगड दाब मजबूत झेलतो, ताणाला मात्र लगेच तडकतो. कमानीनं हा प्रश्न फार हुशारीनं सोडवलाय. आधी लाकडी सांगाडा उभा करायचा, त्यावर पाचरीसारखे घडवलेले दगड दोन्हीकडून चढवत न्यायचे, मधोमध कळीचा दगड बसवायचा आणि मग सांगाडा काढून घ्यायचा. आता वरचा भार दगडांना एकमेकांवर आणखी घट्ट दाबतो आणि तो रेटा खांबांत उतरतो. बैलगाड्यांसाठी बांधलेला पूल ट्रक कसे पेलतो, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

जीव असतो तो पायात. पुरानं खांबाखालची जमीन खरवडली आणि खांब हलला, की कमानीचा रेटा घ्यायला कुणी उरत नाही. अशा पुलाचं वय झालं की शेजारी दुसरा बांधायचा, हे कुणालाही पटेल. कोल्हापुरात तसं काम सुरूही झालं होतं. मध्येच थांबलं.

अडलं कुठे? तर पुलाजवळच्या ब्रह्मपुरी टेकडीपाशी. 1940च्या दशकात तिथल्या उत्खननात सातवाहन काळातल्या वस्तीचे अवशेष सापडले. पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची कांस्यमूर्तीही मिळाली. ती आज टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. (समुद्रापासून इतक्या लांब हा देव आला कसा, हा वेगळ्या लेखाचा विषय.) टेकडी संरक्षित स्मारक, आणि 2010च्या कायद्यानुसार अशा स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम करायला बंदी. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर कोड तयार, अप्रूव्हल पेंडिंग.

2 ऑगस्ट 2016च्या रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्यांसह. तिथे 165 दिवसांत नवा पूल बांधला गेला. म्हणजे ठरवलं तर होतं. कोल्हापूरचं काम तरीही कागदांतच अडकून राहिलं. कायदा बदलणारं विधेयक 2 जानेवारी 2018ला लोकसभेत मंजूर झालं आणि राज्यसभेत अडलं.

त्याच महिन्यात, 26 जानेवारीच्या रात्री, गणपतीपुळ्याहून कोल्हापूरकडे येणारी मिनीबस शिवाजी पुलाचा कठडा तोडून नदीत कोसळली. 13 जण गेले. त्यात लहान मुलंही होती.

कमानीचा एक दगडही त्या रात्री निखळला नव्हता. तुटला तो फक्त कठडा. बैलगाडीच्या वेगाच्या काळातला कठडा धावत्या बसला अडवेल, ही अपेक्षाच चुकीची. वारसा जपावा की पूल बांधावा, असा वाद त्यानंतर खूप रंगला. मला तो खोटा वाटतो. टेकडीला धक्का न लावता पूल कसा बांधायचा, हे ठरवायला इतकी वर्षं लागायला नको होती.

नवा पूल 2019मध्ये सुरू झाला. त्याच ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेनं 43 फुटांची धोका पातळी ओलांडून 55 फूट गाठले. पाणी ओसरलं तेव्हा दोन्ही पूल जागेवर होते.