कदंब, कळंब आणि कदम

आपल्या आडनांवांच्या मुळाशीं बहुधा एखादें गांव, हुद्दा किंवा धंदा असतो. वृक्ष असल्याचीं उदाहरणें त्या मानानें थोडीं. 'कदम' हें त्यांपैकीं एक होय, असा समज रूढ आहे. 'पाऊल' या अर्थाचा अरबी 'कदम' निराळा. आडनांवाचा संबंध जोडला जातो तो कदंब वृक्षाशीं व त्याचें नांव धारण करणाऱ्या राजकुलाशीं.

या कुलाचा संस्थापक मयूरशर्मा यानें इसवी सनाच्या चौथ्या शतकांत कर्नाटकांतील बनवासी येथें राज्य स्थापिलें. कुलनामाविषयींचा सर्वांत मोलाचा पुरावा शिमोगा जिल्ह्यांतील ताळगुंदचा संस्कृत स्तंभलेख होय. पांचव्या शतकांत शांतिवर्म्याच्या काळीं कुब्ज नामक कवीनें तो रचिला. त्यांत सांगितलें आहे तें इतकेंच कीं, या ब्राह्मण घराण्याच्या निवासाजवळ एक कदंब होता. त्याची निगा राखतां राखतां त्याचें नांव घराण्यास लाभलें. पुढें गोव्याच्या कदंबांच्या काळीं हा साधेपणा पुरेना. शंकराच्या भालप्रदेशावरील घामाचा बिंदु कदंबातळीं पडला आणि त्यांतून त्रिनेत्र, चतुर्भुज मूळपुरुष जन्मास आला, अशी कथा ताम्रपटांत व शिलालेखांत शिरली. वैभव वाढलें कीं पूर्वजहि वाढतात!

आतां आडनांवाकडे वळूं. प्राकृतांत 'कदंब' याचें 'कलंब' असें रूप होतें. त्यावरूनच मराठी 'कळंब'. यवतमाळ, धाराशिव, पुणें या जिल्ह्यांत कळंब नांवाचीं गांवें आहेत. कित्येक मराठा कुळांत लग्नकार्यीं कळंबाची डहाळी देवक म्हणून पुजतात. लोकांच्या जिभेवर घोळलेला शब्द हा असा बदलला. 'कदम' यांत मात्र 'द' शाबूत आहे. तेव्हां हें आडनांव बोलींतील वृक्षनामावरून न येतां 'कदंब' या संस्कृत, राजकुलानें मिरविलेल्या रूपावरून आलें असावें, हें अनुमान सयुक्तिक दिसतें.

परंतु शब्दाची वंशावळ ती माणसांची वंशावळ नव्हे. राजाचें नांव आश्रितांस, सैनिकांस, गांवकऱ्यांसहि चिकटतें. गोव्यांत तर १९८० सालीं स्थापन झालेल्या परिवहन महामंडळासहि 'कदंब' हेंच नांव मिळालें. म्हणून केवळ आडनांवावरून कोणी सिंहासनावर हक्क सांगूं नये. अभिमानच बाळगावयाचा तर ताळगुंदच्या लेखांतील बाळगावा: दारच्या झाडाची निगा राखिली, एवढेंच त्या नांवाचें आद्य कारण तेथें नोंदलें आहे.